नातवाची झांज

नातू ड्रम शिकतो आहे. संचाबरोबर आलेल्या झांजा त्याला पत्र्याच्या डब्यासारख्या वाटतात, म्हणून गेल्या रविवारी आमची स्वारी हाय-हॅट घ्यायला निघाली. बारा हजार रुपये त्याने साठवलेले. मी सोबत, कारण शाळेत वीस वर्षं लेझीम पथक सांभाळल्यामुळे "आजीला झांजेतलं कळतं" असा घरात समज आहे.

हाय-हॅट म्हणजे एका दांडीवर समोरासमोर बसवलेल्या दोन झांजा. बहुतेक चौदा इंची. पायाने पेडल दाबलं की मिटतात, सोडलं की उघडतात. वाजवणाऱ्याचा हात गाणंभर तिथेच खेळतो, तेव्हा पैसे वाचवायचे तर बाकीच्या झांजांवर वाचवावेत, असं त्याचे सर म्हणतात. मला पटलं.

स्वस्त-महाग हा सगळा धातूचा खेळ. सगळ्यात स्वस्त त्या पितळेच्या. त्यावरच्या काशाच्या, शंभरात आठ भाग कथील, पत्र्यातून कापलेल्या. आणि भारी त्या वीस भाग कथिलाच्या, ओतून, ठोकून केलेल्या. इस्तंबूलच्या झिल्जियान घराण्याने सतराव्या शतकात याच मिश्रणावर नाव कमावलं. आपली काशाची थाळीही साधारण त्याच जातीची. आवाज गोड, पण पडली की फुटते. (आईची एक मी फोडली होती. असो.)

दुकानदाराने तीन जोड्या मांडल्या. पितळेची, आठवाली, आणि बारा हजारात एक वापरलेली वीसवाली. नातवाने तिन्ही वाजवल्या.

"आजी, फरक कळतोय ना?"

मी "हो" म्हणाले. खरं तर तिन्ही सारख्याच, लांब कुणी कागद चुरगळावा तशा. वय झालं की बारीक, उंच आवाज आधी जातात, हे डॉक्टरांनी सांगितलंय. यंत्रही दिलंय. ते कपाटात असतं.

"मग कुठली घेऊ?"

आता काय सांगणार! जन्मभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं... "मला ऐकूच आलं नाही रे," म्हटलं. तो एकदम गप्प झाला.

काहीतरी करायचं म्हणून मी वीसवाली उचलली. गॅदरिंगच्या आधी शाळेतल्या झांजांवरून फिरवायचे तसं कडेने नख फिरवलं, मग मधल्या भोकाभोवती. तिथे नख अडकलं.

"ओरखडा आहे, मावशी."

"ओरखडा दोन्ही बाजूंना एकाच जागी कसा हो?"

तो तडा होता. आणि झांजेतला तडा वाजवता वाजवता वाढतच जातो. आम्ही आठवाली घेतली. दोन हजार कमी पडले, ते मी घातले.

घरी आल्यावर चिरंजीव म्हणाले, "आजी, आधी यंत्र लाव." लावलं. मिटलेली वाजवली, उघडी वाजवली, मग पितळेची जुनी जोडी. फरक कळला. जुनी खरोखरच डबा आहे हो!

दहा मिनिटांत डोकं उठलं. पण यंत्र काढलं तर तो लगेच बघतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही आता फरक कळू लागला आहे, त्यांना काय सांगायचं ते उद्या बघू.