खेतवाडीत खेत कुठे आहे?

दरवर्षी जूनमध्ये सहावीचा नवा वर्ग हाती आला की आमचा पहिला गृहपाठ ठरलेला असतो. घरून शाळेत येताना वाटेत जेवढ्या ठिकाणांची नावं लागतात तेवढी लिहून आणायची आणि त्यांचा अर्थ घरच्यांना विचारायचा. आमची शाळा उर्दू माध्यमाची. तिथे आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मुलं डोंगरी, उमरखाडी, चिंचबंदर, पायधुनी, भायखळा, माझगाव अशा भागांतून येतात. नावं त्यांना तोंडपाठ असतात, पण अर्थ विचारला की गोंधळ उडतो. उमरखाडी म्हटलं की कोणीतरी हमखास सांगतं, "कोणी उमरसाहेब असतील." आम्ही सांगतो, हा उमर नव्हे, उंबर. उंबराच्या झाडाजवळची खाडी. मग दुसरा प्रश्न येतो, "मग खाडी कुठे गेली?"

दोन वर्षांपूर्वी एका मुलीने याच्याही पुढचा प्रश्न केला. तिच्या मामांचं घर गिरगावाजवळ खेतवाडीत आहे. ती म्हणाली, "खेतवाडीत खेत कुठे आहे? आम्ही तर तिथे एक झाडसुद्धा पाहिलं नाही." वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता, आणि पुढे तो आमच्या स्वतःच्या घरापर्यंत येऊन पोचला.

मुंबई सात बेटांची होती हे पाठ्यपुस्तकात असतं. बेटांवर काय पिकत होतं हे तिथे फारसं नसतं. ते नावांत आहे. मुगभाट, फणसवाडी, सुपारीबाग, चिंचपोकळी. माहीमला नारळीच्या दाट बागा होत्या, भंडारी लोक माडी काढत. सखल भागात भात होतं, किनाऱ्याला मिठागरं होती. कोळी, आगरी, भंडारी यांच्याबरोबर आपले कोकणी मुसलमानही या बेटांवर फार आधीपासून आहेत. हजरत मखदूम अली माहिमी (१३७२ ते १४३१) ज्या माहीममध्ये राहिले आणि जिथे त्यांनी कुरआनची तफसीर लिहिली, ते चारी बाजूंनी पाणी असलेलं बेट होतं. आज दर्ग्याकडे जाताना ज्या माहीम कॉजवेवर गाड्यांची रांग लागते, तो १८४५ मध्ये झाला. तोवर वांद्र्याला जायचं तर होडी लागे.

बेटांच्या मधल्या जागेत भरतीला पाणी चढे. वरळीच्या खिंडीतून शिरलेला समुद्र पार पायधुनीपर्यंत येई. तिथल्या ओहोळात पाय धुऊन लोक पलीकडे जात, म्हणून ते नाव. गव्हर्नर हॉर्नबीने ती खिंड बांध घालून बुजवायला घेतली आणि १७८४ च्या सुमारास काम पुरं झालं. हाजी अलीसमोरचा रस्ता म्हणजे तोच बांध. मागे शेकडो एकर खारट, चिखलाची जमीन मोकळी झाली. अशी जमीन लगेच कामाला येत नाही. आधी पावसाने तिचा खार धुऊन जावा लागतो, मग तिथे भात होतं आणि मग हळूहळू घरं. मुंबईत हा मधला काळ थोडाच टिकला. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला कापडगिरणी काढायचं ठरवलं, १८५६ मध्ये ती सुरू झाली. त्यानंतर परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या बागा-शेतांच्या गावांवर चिमण्या उभ्या राहिल्या. कोकणातून आणि घाटावरून माणसं आली. उत्तरेतून आलेले आपले मोमीन-अन्सारी विणकर मदनपुऱ्यात वसले. हातमागावरचं पोट गेलेल्या माणसांनी गिरणीच्या मागाशेजारी घर करावं, ही गोष्ट आम्हाला नेहमी चटका लावते. गिरण्यांचं पुढे काय झालं ते सांगायला नको. १९८२ च्या संपाच्या आठवणी ज्या घरांत निघत नाहीत, अशी घरं त्या भागात थोडीच.

पूर्वेच्या किनाऱ्याची कथा वेगळी. माझगाव आंब्यांसाठी नावाजलेलं होतं. तिथल्या कलमांना वर्षातून दोनदा फळ येई, अशी त्यांची ख्याती. टॉमस मूर या आयरिश कवीने कधी हिंदुस्थान पाहिला नव्हता, तरी १८१७ च्या त्याच्या 'लाला रुख' मध्ये माझगावच्या आंब्यांचा उल्लेख आहे. याच माझगावात १७७४ मध्ये जहाजं दुरुस्त करायची छोटी गोदी झाली होती. आज तिथे युद्धनौका आणि पाणबुड्या बांधतात. मुलांना आम्ही सांगतो की आंब्याच्या बाटा वाळत पडायच्या तिथून आता पाणबुडी पाण्यात उतरते, तर त्यांना आंब्याची गोष्टच खोटी वाटते.

गोद्यांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र आमच्या मनातून जात नाही. १८८० मध्ये खुल्या झालेल्या प्रिन्सेस डॉकसाठी खोदकाम चाललं होतं, तेव्हा समुद्रतळाच्या गाळाखाली एक अख्खं जंगल सापडलं. खैराची झाडं, मुळांसकट उभी. माणसाने समुद्र हटवून जमीन केली हे आपण ऐकतो. इथे समुद्राने त्याच्याही आधी कधीतरी जमीन घेतली होती.

शिवडीला शेती-बागायत सुधारणाऱ्या मंडळीचा बगीचा होता. तो १८६५ मध्ये दफनभूमीसाठी घेतला गेला. पुढे कापसाची गुदामं आली, तेलाच्या टाक्या आल्या. तुर्भ्याचा पाळा लागला तो स्वातंत्र्यानंतर. १९५४-५५ मध्ये तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने सुरू झाले, १९५६ मध्ये अप्सरा ही अणुभट्टी, त्याच सुमारास वीजकेंद्र, मग खत कारखाना. अणुसंशोधन केंद्राच्या वसाहतीला जागा हवी म्हणून १९७६ मध्ये जनता कॉलनी उठवली आणि माणसं चित्ता कॅम्पला दलदलीच्या कडेला नेऊन बसवली. त्यांत आपली वस्ती मोठी होती.

एक जागा मात्र अशी आहे जिथे आम्ही मुलांना हात धरून नेऊ शकतो. क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद. १७७० च्या सुमारास ती जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याच्या बागेची होती आणि बागेत मोठा तलाव होता. तलाव बुजवायचा नाही, या अटीवर त्याने मशिदीला जागा दिली. म्हणून तलावावरच कमानी घेऊन इमारत उभी केली. १८०२ मध्ये काम पुरं झालं, पुढे १८३७ मध्ये रोगे या व्यापाऱ्याने ठेवलेल्या देणगीतून ती वाढवली. आजही वुजू करताना खाली तेच पाणी असतं, त्यात मासे फिरतात. साऱ्या मुंबईत बागायतीचं पाणी जिथे अजून जागेवर आहे, अशी ही एक जागा. ती राहिली ती एका माणसाने अट घातली म्हणून.

आता आमच्या घराची गोष्ट. आमचं मूळ गाव उरण तालुक्यातलं. शिवडीच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तर समोर खाडीपलीकडे जी रेघ दिसते, तिथलं. आजोबांची तिथे थोडी खारजमीन होती. आमच्या वाचकांतल्या रायगडच्या मंडळींना खारजमीन सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. खाडीच्या काठाने मातीचा बांध असतो. बांधाला उघाडी असते, म्हणजे लाकडी दाराची वाट. भरतीला पाण्याच्या रेट्याने दार बंद होतं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं. जूनचे पहिले पाऊस मातीतला खार धुतात, मग भात पेरायचं. बियाणंही तसलंच, काळा राता किंवा भुरा राता, खारटपणा सोसणारं. तांदूळ लालसर. दादी त्याच्या भाकऱ्या करायची, सोबत सुका जवला. बांधाला कुठे खांड गेली आणि खाडीचं पाणी आत शिरलं की दोन-तीन पावसाळे जमीन रुसायची. म्हणून बांध एकट्याचा नसे. आगरी, कोळी, मुसलमान, सगळी घरं उन्हाळ्यात एकत्र चिखल चढवायची.

१९७० पासून नव्या शहरासाठी आणि मग बंदरासाठी त्या पट्ट्यातल्या जमिनी जायला लागल्या. मोबदला इतका कमी होता की लोक रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. दि. बा. पाटील यांचं नाव त्या भागातली म्हातारी माणसं अजून आदराने घेतात ते यासाठी. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झालं. ज्यांची जमीन गेली नव्हती त्यांचीही शेती पुढे बसली. मुरमाचा भराव टाकला की पाण्याच्या वाटा बंद होतात, आणि बांधावर चिखल चढवायला येणारे हातच कमी झाले की उरलेला बांध एकट्या घराला पेलत नाही. हे बाहेरून कोणाला दिसत नाही. दिसतात ते कंटेनर.

आमच्या जमिनीचा मोबदला आला तेव्हा आजोबा हयात नव्हते. वारस तीन, आमचे मोठे अब्बा, आमचे वालिद आणि फुफू. पैसे दोघा भावांत वाटले गेले. फुफूला तिच्या लग्नात दिलं होतं, असं तेव्हा ठरलं. कोणी ठरवलं ते कोणालाच आठवत नाही. फुफूनेही मागितलं नाही. माहेर तुटेल या भीतीने बहिणी मागत नाहीत, हे वाचकांच्या घरांतही असेल. आज तिघंही मरहूम आहेत. आणि आता इतक्या वर्षांनी साडेबारा टक्क्यांचा भूखंड देण्याचं पत्र आलं. त्यासाठी वारसांची नावं हवीत.

गेल्या बकरी ईदला सगळे गावी जमलो तेव्हा हा विषय निघाला. आमचे चुलतभाऊ, ज्यांना आम्ही भाईजान म्हणतो, वयाने सगळ्यांत मोठे. ते म्हणाले, "शेतजमिनीला शरियत लागू नाही. कायद्यातच लिहिलंय." त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन खरंच वगळली होती. दक्षिणेतल्या काही राज्यांनी पुढे ती सामील करून घेतली. पण बहिणींना वाटा नाकारण्यासाठी घरोघरी हे एवढंच कलम पाठ असावं, याचं आम्हाला नवल वाटतं. जकातीचा हिशेब विचारला तर किती जणांना येतो?

आम्ही म्हटलं, "भाईजान, कायदा बाजूला ठेवू. सूरह निसात शेत आणि प्लॉट असा भेद कुठे आहे? दोन भाऊ, एक बहीण, म्हणजे पाच वाटे. दोन, दोन आणि एक. तो एक फुफूच्या मुलांचा. आणि कायद्याचंच बोलायचं तर पत्रात भूखंड लिहिलंय. शेतजमीन उरलीय कुठे?"

भाईजान बराच वेळ गप्प राहिले. रागावले असावेत. मोठ्यांपुढे एवढं बोलायची आमच्या घरात रीत नाही. धाकटा चुलतभाऊ कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे, तो पहिला बोलला. म्हणाला, "फुफूच्या घरी मी चार वर्षं राहून शिकलो. तिचं नाव नसेल तर मी सही करणार नाही." आत बायकांचं बोलणंही थांबलं होतं. शेवटी भाभीनेच दारातून म्हटलं, "लिहा की नाव. कोणाचं काय जातंय?" जातंय हे तिलाही माहीत होतं. भूखंड लहान आहे, आणि भाईजानच्या दोन मुलींची लग्नं व्हायची आहेत.

फुफूचा मुलगा आणि मुलगी पनवेलला असतात. संध्याकाळी फोन केला तेव्हा भाच्याला आधी विश्वास बसेना. मग त्याने विचारलं, ते शेत नक्की कुठे होतं, त्याच्या अम्मीने कधी दाखवलं नव्हतं. आम्हालाही सांगता येईना. आम्ही मुंबईत वाढलो, शेत पाहिलं ते फार लहानपणी. फोन भाईजानकडे दिला. आजोबांबरोबर उघाडी पाहायला जाणारे आता तेच एकटे उरले आहेत.

ते म्हणाले, "रविवारी ये. उलव्यावरून ये. उघाडीचे दोन दगड अजून आहेत, यार्डाच्या भिंतीला लागून. आणि येताना तुझ्या अम्मीचा मृत्यूचा दाखला आण, अर्जाला लागेल."