खून, मग मसालेभात

घरात खून करायचा ठरला की मी आधी स्वयंपाक ठरवते. ज्या पदार्थातून विष दिलं असं जाहीर होतं, त्याला पुढे कोणी हात लावत नाही. पाहुणे सगळे पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, शिकलेसवरलेले, विष खोटं आहे हे पक्कं ठाऊक असलेले. तरी कोजागरीला गच्चीवर मसाला दुधावर संशय गेला आणि केशर-बदाम घातलेलं पातेलंभर दूध साय धरत बसलं. तेव्हापासून आमच्याकडचे विषप्रयोग रक्तदाबाच्या गोळीतून होतात.

हा प्रकार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आठ-दहा मोठी माणसं जेवायला बोलवायची. आठवडाभर आधी प्रत्येकाच्या हाती एक पाकीट पडलं पाहिजे. आत दीड-दोन पानं: तुम्ही कोण, तुम्ही काय लपवताय, इतरांबद्दल तुम्हाला कसली कुणकुण आहे आणि आज रात्री तुम्हाला काय साधायचंय. संवाद एकही लिहून द्यायचा नाही. माणसं त्या नावाने येतात, त्या नावाने भांडतात, त्या नावाने जेवायला बसतात. सोलकढी आणि कोथिंबीर वडी होईतो कोणीतरी मेलेलं असतं. मसालेभाताबरोबर चिठ्ठ्या, बिलं, अर्धे फाटलेले फोटो हातोहात फिरतात. गोड वाढण्याआधी प्रत्येकाने खुन्याचं नाव कागदावर लिहून घडी करून द्यायचं, आणि श्रीखंडाबरोबर उलगडा. लहानपणी चार चिठ्ठ्या टाकून राजा-प्रधान-शिपाई-चोर खेळायचो, तोच हा खेळ. आता चोराला भूतकाळ असतो, एवढंच.

याचं मूळ घराणं इंग्रजी. नायो मार्शच्या १९३४ सालच्या पहिल्याच रहस्यकादंबरीत बंगल्यावर जमलेले पाहुणे असा लुटुपुटीचा खून खेळतात आणि खरं प्रेत सापडतं. बर्मिंगहॅमचा अँथनी प्रॅट हॉटेलांमधून पियानो वाजवायचा, तिथे त्याने हा खेळ पाहिला होता. महायुद्धात दिवे मालवून घरात बसायची वेळ आली तेव्हा त्याने तो पटावर आणला. १९४४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४९ मध्ये ‘क्लूडो’ बाजारात आला. जेवणाच्या खेळाचे तयार संच आजही मिळतात आणि त्यांत अजूनही लॉर्ड, कर्नल, बटलर आणि वाइनचं तळघर असतं. डोंबिवली पूर्वेला, वन बीएचकेच्या हॉलमध्ये, खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणलेल्या, आणि त्यात कोणीतरी म्हणायचं, ‘त्या वेळी कर्नलसाहेब ग्रंथालयात होते!’ आमच्याकडे ग्रंथालयात माणूस पुस्तक बदलायला जातो, खून करायला नाही.

म्हणून मी गोष्ट लोकलमध्ये नेली. कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला त्याहून ओळखीचा बंगला कुठला? रोजच्या गाडीचा ग्रुप ही विलक्षण चीज आहे. तिथे भजनं होतात, मांडीवर ब्रीफकेस ठेवून पत्ते होतात, दसऱ्याला डब्याला हार आणि तोरण लागतं. एकमेकांच्या डब्यातली भाजी, गुडघेदुखी, मुलांचे टक्के सगळं माहीत असतं. माहीत नसतो तो घरचा पत्ता. कधीकधी तर आडनावही. माझ्या गोष्टीतला मृत गृहस्थ वर्षानुवर्षं चौथ्या सीटवर अर्धा टेकून प्रवास करत आलेला आहे. त्याच्या निवृत्तीनिमित्त ग्रुपने जेवण ठेवलंय, तिथेच तो जातो, आणि पोलिसांचा पहिला साधा प्रश्न येतो, हे कुठल्या ऑफिसात होते? टेबलावर शांतता. कोणालाच माहीत नाही. बाकी पात्रं आपोआप सुचली: भिशीचे पैसे सांभाळणारा, भजनाचा बुवा, बसायला मिळावं म्हणून रोज उलटी कल्याणला जाऊन येणारी, जाळीपलीकडच्या लेडीज डब्यातून सगळं पाहत आलेली एकजण. खेळणाऱ्यांना नकाशा समजावून सांगावा लागला नाही. कोपर ते दिवा या टप्प्यात दारात उभ्या माणसाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, यावर दोन संशयितांनी असा वाद घातला की शेजारच्या बिऱ्हाडातून काळजीने विचारणा झाली. (सोसायटीच्या वॉचमनला आधी सांगून ठेवावं. रात्री दहाला ‘खून तुम्हीच केलात’ हे जिन्यात नीट ऐकू जातं.)

खरी अडचण वेगळीच असते. आपल्याकडे नाटक म्हणजे बघायची गोष्ट. ठाण्यात गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर, कल्याणला अत्रे रंगमंदिर. या पट्ट्यातला माणूस चांगला प्रेक्षक आहे आणि मध्यंतरात बटाटावडा खाताना त्याहून चांगला समीक्षक. पण त्याच्या हातात पाकीट दिलं की तो विचारतो, ‘पाठ काय करायचंय?’ काही नाही म्हटलं की घाबरतो. आमच्या मजल्यावरचे एक मालवणी गृहस्थ मात्र घाबरले नाहीत. लहानपणापासून जत्रेत दशावतार पाहिलेला माणूस! दशावतारात लिखित संहिता नसते. आख्यान कुठलं ते ठरतं, कोण कोणता राजा आणि कोण राक्षस ते ठरतं, आणि बोलणं उभ्या उभ्या होतं. या गृहस्थांनी भिशीवाला केला आणि मी पहिल्यांदा पाहिलं की हा खेळ चांगला खेळणारा माणूस स्वतः फार बोलत नाही. तो समोरच्याला बोलायला जागा करून देतो. ‘वहिनी, त्या दिवशी तुम्ही गाडी चुकवलीत, आठवतंय ना?’ एवढंच म्हणून ते भात कालवत बसले. वहिनींच्या पाकिटात गाडी चुकल्याचं काहीच नव्हतं. त्यांनी ते तिथल्या तिथे रचलं, आणि तासाभराने अर्धं टेबल त्यांच्यावर संशय घेत होतं. एरवी या बाई सोसायटीच्या सभेत सही करून घरी जातात. सभेत टेबल आपटणारे मात्र अशा वेळी फार लवकर कबुलीजबाब देतात, हेही पाहून घेतलं.

गुन्हा सोडवण्यात आपण हुशार असू असं मला वाटलं होतं. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार, धनंजय आणि काळा पहाडवर वाढलेली पिढी, त्यात समोरच्या खिडकीत नवा पडदा लागला तरी कारण शोधणारी वस्ती. पण नाही. बहुतेक माणसं पुरावा वाचतच नाहीत, माणूस वाचतात. ‘तो असाच आहे, मला आधीपासून वाटत होतं,’ हे मराठी घरातलं सर्वात आवडतं निदान, आणि ते बहुधा चुकतं. म्हणून महत्त्वाची प्रत्येक गोष्ट तीन ठिकाणी पेरावी लागते. एक धागा कोणी वाचत नाही, दुसऱ्याचा अर्थ उलटा लावला जातो, तिसरा उपयोगी पडतो.

इथवर गंमत आहे. पण पाहुण्यांसाठी गुपितं लिहायला बसलं की मला मराठी रंगभूमीवरची दोन माणसं हटकून आठवतात. एक लखोबा लोखंडे. अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली आलं, त्यामागे प्रत्यक्ष घडलेला खटला होता, आणि प्रभाकर पणशीकर त्यात एकाच माणसाचे पाच अवतार उभे करत. निपाणीचा हा तंबाखूवाला वेगवेगळ्या नावांनी बायकांना फसवतो. म्हणजे सोंग घेणारा एक, आणि हे सोंग आहे याची त्याच्या आसपासच्यांना कल्पनाच नाही. दुसरी लीला बेणारे. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये मंचावर आलं. तिथे सगळं उलट आहे. हौशी मंडळी परगावी वेळ काढायला म्हणून खोटा खटला उभा करतात, खेळ आहे हे प्रत्येकाला माहीत असतं, आरोपही लुटुपुटीचाच ठरतो. आणि त्याच आरोपाआडून ती माणसं बेणारेबाईंचं खरं आयुष्य उकरायला लागतात. तिला खेळ थांबवता येत नाही, कारण बाकी सगळे म्हणणार, अहो, खेळच तर आहे!

मोठ्या माणसांच्या खेळात मला भीती वाटते ती या वाक्याची. खुनाची नाही. लखोबाला फौजदारी कायदा पुरतो. बेणारेला छळणाऱ्यांवर कुठलंच कलम लागत नाही, आणि ते सगळे आपल्यासारखेच, नाटकाची आवड असलेले, मध्यमवर्गीय, एरवी सभ्य. यजमानाचं सगळं कसब मला विचाराल तर इथे आहे. पात्राचं गुपित माणसाच्या खऱ्या गुपिताला लागता कामा नये. खुनाची गुंतागुंत कोणीही लिहील, हे जमायला पाहुणे माहीत असावे लागतात.

एका गोष्टीत मी दोन भाऊ आणि पुनर्विकासात मिळणारी जादा जागा असा पेच लिहिला होता. पाहुण्यांची यादी पक्की होताना कळलं की त्यांतल्या एकाचं अगदी हेच प्रकरण कोर्टात आहे. पाकिटं जायच्या आत भाऊ काढले आणि भिशी घातली. तेव्हापासून काही गोष्टी मी लिहीतच नाही. मूल नसणं, जात, आजार, मनाचे औषधोपचार, मुलीचं न जमलेलं लग्न. खऱ्या नवरा-बायकोला खेळात नवरा-बायको करायचं नाही, आणि शेजाऱ्यांमध्ये लफडं तर मुळीच पेरायचं नाही. भिशीची अफरातफर, खोटा जन्मदाखला, दडवलेलं लॉटरीचं तिकीट, कोणा दुसऱ्याच्या नावावर खपवलेली कविता, ही गुपितं चालतात. त्यांवर माणूस मनापासून खोटं बोलू शकतो, आणि घरी जाताना कोणाला काही टोचत नाही.

एवढं करूनही कुठे काय निघेल सांगता येत नाही. नॉर्वेकडच्या भूमिकाखेळांत यासाठी दोन शब्द ठरलेले असतात, एक म्हटला की सगळं जागच्या जागी थांबतं, दुसऱ्याने जोर कमी होतो. आम्हाला शोधावे लागले नाहीत. ‘टाइम प्लीज’ म्हणून कोणी अंगठा वर केला की संपलं, कारण विचारायचं नाही. ज्यांना बुजल्यासारखं होतं त्यांना लिंबूटिंबू करायचं: फोटोग्राफर, हवालदार, वाढपी. त्यांच्यावर संशय घ्यायचा नाही, पण पुरावे त्यांच्याच हातून फिरतात, त्यामुळे कोणी त्यांना विसरत नाही. आणि उलगड्यानंतर लगेच उठू द्यायचं नाही. पाटीवरचं खोटं नाव काढायचं, एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारायची, मग चहा. ठाण्याहून आलेल्यांची परतीची गाडी सांभाळून हे सगळं बसवायचं म्हणजे खून साडेआठच्या आत झालाच पाहिजे. उशिरा येणाऱ्या पाहुण्यालाच मी मग प्रेत करते.

आता थोडी मागणी. इंग्रजी संचांचं भाषांतर कोणी करू नये. बटलरला ‘खानसामा’ म्हटल्याने बंगला आपला होत नाही. पारनाक्यावरचा वाडा, नाट्यगृहाची ग्रीनरूम, गणेशोत्सव मंडळाची हिशेबाची वही, दिवाळी अंकाचं कार्यालय, किती जागा पडून आहेत! आणि या मजकुराला लिहिणारा हवा, नुसता आयोजक नको. संवाद लिहायचे नाहीत आणि तरी माणसं बोलती झाली पाहिजेत, हे काम एकांकिकेपेक्षा सोपं नाही. आपल्याकडे एकांकिका लिहिणारे गावोगाव आहेत. त्यांतल्या कोणी हे मनावर घेतलं, पाकिटं लिहिली आणि टेबलाला एक खुर्ची कमी पडत असली, तर मला बोलवा. यजमानाला खुनी कोण ते नेहमीच ठाऊक असतं. मला एकदा ते ठाऊक नसताना जेवायचंय.