ठणठण आणि बद्द

दौंड तालुक्यात, केडगाव-पारगावच्या बाजूला ऊस मोप आणि गुऱ्हाळंही मोप. काहिलीतला रस तांबूस होऊन जड बुडबुडे फुटायला लागले की गुळव्याचं बोलणं थांबतं. थर्मामीटर धरला तर पारा 118 अंशांच्या आसपास दिसेल, पण जुना गुळव्या तो धरत नाही. थोडा पाक गार पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि काहिलीच्या काठावर मारतो. टण् वाजलं की गडी काहील उतरवायला धावतात. नुसतं थप्प झालं, तर चुलवाणात अजून थोडं चिपाड जातं.

तसा हा मुलूखच ठोकून बघणाऱ्यांचा. बाजारात माठ घेणारी बाई भाव नंतर विचारते, आधी टिचकी मारते. बद्द वाजला तर माठ तिथंच राहतो, मग कुंभार कितीही शपथा घेवो. वीटभट्टीवर दोन विटा हातात घेऊन एकमेकींवर वाजवतात. रुपया दगडावर आपटून घ्यायचे दिवस गेले, तरी लग्नाच्या बैठकीत ‘नाणं खणखणीत आहे’ हे अजून ऐकू येतं.

व्याकरणाच्या पुस्तकात अशा शब्दांना अनुकरणवाचक म्हणतात आणि अभ्यस्त शब्दांच्या शेवटच्या बाकावर बसवतात. किरकिर, गडगड, वटवट अशी उदाहरणं लिहिली की मार्क मिळाले, विषय संपला. मला हा अन्याय वाटतो. 1831 साली मराठी-इंग्रजी कोश काढणाऱ्या मोल्सवर्थनं त्यांची जास्त कदर केली. त्याच्या कोशात ते जागोजागी भेटतात, कोणता आवाज कशाचा याच्या नोंदीसकट. परक्या कानाला ते आधी ऐकू आले असणार.

इंग्रजीतही बझ आहे, क्लिक आहे. क्लिक तर आता मुक्या काचेवर बोट टेकलं तरी होतं. पण आपला शब्द आवाजाला मागं टाकून कुठल्या कुठं जातो. वीज कडकडते हे ठीक. मग ऊन कडकडीत, उपास कडकडीत, इस्त्री कडकडीत, आणि शिरूरची बाजारपेठ एखाद्या दिवशी कडकडीत बंद. बंद बाजारपेठेत कसला आलाय आवाज!

सगळ्यात मजा ठणठणची. दुखण्यातून उठलेला माणूस ठणठणीत बरा होतो. इकडे पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई हा शिरूरचा कोरडवाहू पट्टा. तिथं एप्रिल-मेमध्ये विहिरीही ठणठणीतच असतात, कोरड्या ठणठणीत. आजोबा कसे आहेत विचारलं की ठणठणीत, आणि विहीर कशी आहे विचारलं की तेच उत्तर. खिसा रिकामा असलेला ठणठणगोपाळ याच घरातला. म्हणजे एकच आवाज एकाला शाबासकी देतो आणि दुसऱ्याची दशा सांगतो. इंग्रजीत ‘साउंड’ म्हणजे आवाज आणि ‘साउंड’ म्हणजे धडधाकटही, पण तो निव्वळ योगायोग आहे. पहिला शब्द लॅटिनमधून आला, दुसरा जुन्या जर्मनिक कुळातला. आपला ठणठणीत मात्र खरोखरच आवाजातून निघालाय.

मग हे दोन अर्थ एका शब्दात नांदतात कसे? मला उत्तर सापडलं ते व्हिएन्नात. लिओपोल्ड ऑएनब्रुगर हा तिथला डॉक्टर खानावळवाल्याचा मुलगा. पिंपावर बोटं वाजवून आत दारू कुठवर आहे ते बघायची पद्धत बापाच्या धंद्यातली. तीच त्यानं रोग्याच्या छातीवर वापरली आणि 1761 साली त्यावर पुस्तक लिहिलं. छातीत पाणी झालं असेल तिथं आवाज बद्द येतो. फुप्फुसात हवा खेळत असेल तिथं तो घुमतो. आजही डॉक्टर डाव्या हाताचं मधलं बोट छातीवर टेकवून उजव्या बोटानं त्यावर टकटक करतात, ते हेच. म्हणजे निरोगी छाती वाजते ती आत मोकळी जागा असते म्हणूनच! ठणठणमध्ये मुळात बरं-वाईट काही नाही. तो फक्त सांगतो, आत काही अडलेलं नाही, कुठं तडा नाही, भरलेलं काही नाही. माठ विकत घेताना हे ऐकून बाई खूश होते. टँकरची वाट बघताना दारातलं पिंप तसंच वाजलं की तिचं तोंड उतरतं.

दौंड स्टेशनात हीच तपासणी लोखंडावर चालायची. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे, तोवर गाडी निवांत उभी. मोठ्या जंक्शनवर अशा वेळी रेल्वेचा माणूस लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाकाचाकावर ठोकत डब्यांच्या कडेनं जायचा. आख्खं चाक वाजतं, तडकलेलं बद्द बोलतं. आता रूळ आणि आस अल्ट्रासोनिक यंत्रानं तपासतात. तत्त्व तेच, आवाज आत सोडायचा आणि काय परत येतं ते बघायचं. फक्त हा आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, त्यामुळे मराठीला त्याची नक्कल करायची सोय राहिलेली नाही.