सुकं खोबरं वाटतं का?

दसरा तोंडावर आलेला, आणि दादरच्या एका दुकानात एक लेक आईला मिक्सर घेऊन देत होती. लेकीच्या मोबाइलवर तीन मॉडेलं शेजारी शेजारी मांडलेली: वॉट, फेरे, वॉरंटी. विक्रेताही तिच्याशीच बोलत होता. आई मात्र भांडी उघडून आतली पाती न्याहाळत होती. शेवटी तिने विचारलं, "सुकं खोबरं वाटतं का हो?"

"काकू, साडेसातशे वॉटची मोटर आहे!"

काकूंना उत्तर मिळालं नाही.

मुंबईतल्या माथुरांच्या घरी हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वी निघाला होता. माधुरी माथुर यांच्याकडे ब्राउन कंपनीचा जर्मन मिक्सर होता. आपल्याकडचं वाटण त्याला झेपेना आणि तो बंद पडला. दुरुस्त करणारं कोणी नव्हतं. नवरा, सत्यप्रकाश माथुर, सीमेन्समध्ये इंजिनिअर. त्यातून जो मिक्सर झाला तो 'सुमीत' या नावाने बाजारात आला. बायकोच्या स्वयंपाकघरातली तक्रार इतकी मनावर घेणारे नवरे तेव्हाही दुर्मीळच असावेत. युरोपातला मिक्सर सूप, फळांचा गर, शेक अशा मऊ कामांसाठी घडवलेला. इथे भिजवलेली उडीदडाळ, सुकं खोबरं, हळकुंडं, आणि तेही जेमतेम पाण्यात. पातं अडतं, मोटर तापते, तरी वाटणारी बाई थांबत नाही. घरी पाहुणे आलेले असतात. म्हणून दणकट मोटर, स्टीलची भांडी. आजही मिक्सरच्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: पाच मिनिटं चालवा, दोन मिनिटं थांबा. ही ओळ वाचणारं घर शोधावं लागेल. तळाशी एक लाल बटण असतं. मोटरवर ताण आला की ते सुटतं आणि मिक्सर गप्प होतो. 'जळला वाटतं' म्हणून तो रिक्षात घालून दुरुस्तीला नेला जातो. दुकानदार तो उलटा करतो, बटण दाबतो, आणि पैसे घ्यावेत की नाही या विचारात पडतो.

अमेरिकेला निघालेल्या मराठी जोडप्यांचा मिक्सर वेगळाच. तिथे घरात 120 व्होल्ट, इथे 230. इथला मिक्सर तिथे नुसता कुंथतो. म्हणून 110 व्होल्टचा खास मागवायचा, कपड्यांच्या घड्यांत गुंडाळायचा आणि बॅगेचं वजन वाढलं की लोणच्याची बरणी काढायची. मिक्सर काढायचा नाही. न्यू जर्सीत सोयीचे ब्लेंडर ढिगाने मिळतात, पण कांदा-खोबऱ्याच्या वाटणाशी त्यांचं जमत नाही.

भेट म्हणून विकत घेणारा आकडे वाचतो आणि वापरणारा कामाबद्दल विचारतो. दुकानदारांनी पहिल्याला खूश करायचं ठरवलेलं दिसतं. मुलगा वडिलांना स्मार्ट घड्याळ देतो. वडील त्यात वेळ पाहतात, ते पावलं मोजतं आणि रोज रात्री चार्जर मागतं. चावीच्या एचएमटी घड्याळाला निदान चार्जर लागत नव्हता.

सारेगामा या संगीत कंपनीला हे बरोबर कळलं होतं. 2017 मध्ये 'कारवां' आलं: जुन्या रेडिओसारखा डबा, मोठी बटणं, आत 5000 जुनी गाणी, किंमत 5,990 रुपये. इंटरनेट नको, पासवर्ड नको. तीच गाणी फोनवर फुकट मिळत असताना मुलांनी आई-वडिलांसाठी ते घेतलं. पुढे मराठी आवृत्तीही निघाली. त्यात हवं ते नेमकं गाणं शोधायची मात्र सोय नाही. गायक किंवा संगीतकार निवडायचा आणि पुढचं गाणं नशिबाने येईल ते ऐकायचं. तरुणांना ही उणीव वाटते. विविध भारतीवर वाढलेल्यांना यात काही खटकत नाही, उलट आवडीचं गाणं अवचित लागलं की ते आवाज वाढवतात आणि शेजारच्या खोलीत कोणी अभ्यास करत असेल तर त्यालाही ऐकवतात.