विहिरीच्या काठावर

प्रभू येशूने सुवार्ता सांगण्यासाठी जी ठिकाणे निवडली त्यांत सभास्थान, डोंगर आणि मचवा यांच्याबरोबर एक विहीरही आहे. शोमरोनी स्त्रीजवळ त्याने आधी पाणी मागितले आणि मगच तो जीवनाच्या पाण्याविषयी बोलला. १२ मार्च २०२३ रोजी, प्रायश्चित्तकाळातील तिसऱ्या रविवारी, याच उताऱ्यावर आम्ही प्रवचन केले. प्रवचन चांगले झाले, असे काहींनी आवर्जून सांगितलेही.

मिस्सा आटोपून आम्ही निवासाकडे वळलो तेव्हा मागच्या विहिरीपाशी पलीकडच्या चाळीतील एक भगिनी हंडा घेऊन उभी होती. त्यांच्याकडे तीन दिवस नळाला पाणी आले नव्हते. "फादर, दोन हंडे भरून घेऊ का?" तिने विचारले. विहिरीच्या झाकणाला कुलूप होते आणि किल्ली आमच्याच खिशात होती. परंतु आत पाहुणे खोळंबले होते. "आज रविवार आहे, उद्या सकाळी या," असे सांगून आम्ही आत गेलो. दुसऱ्या दिवशी आम्ही तिची वाट पाहिली. ती आली नाही.

पाण्याचे मोल वसईकराला कोणी शिकवायला नको. आमच्या वडिलांच्या वाडीत रहाट फिरे आणि त्या पाण्यावर केळी व पानवेली पोसल्या जात. समुद्राकाठच्या या भूमीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा वाढला की खारे पाणी वर चढते. पुढे पंप आले, टँकर आले, इमारती आल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीने या उपशाविरुद्ध आणि बेबंद बांधकामांविरुद्ध आवाज उठविला. तिचे नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी प्रभुचरणी विसावले. वेदीवरची श्रद्धा विहिरीपर्यंत पोहोचली पाहिजे, हे त्यांनी आम्हांला जगून दाखविले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनीही 'लाउदातो सी' या परिपत्रकात पिण्याचे पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. हे सारे आम्हांला ठाऊक होते. किल्ली मात्र खिशातच राहिली.

पुढच्या आठवड्यात आम्ही धर्मग्राम परिषदेपुढे ही कबुली दिली. विहीर सर्वांसाठी खुली करावी, असे सुचविताच एका ज्येष्ठ बांधवाने हरकत घेतली. "फादर, उद्या विहीर खारी झाली तर त्यांनाही नाही आणि आपल्यालाही नाही." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. बराच ऊहापोह होऊन ठरले की, पंप लावायचा नाही, टँकर भरू द्यायचा नाही. सकाळी सहा ते आठ या वेळेत हाताने शेंदून हंडे भरावेत, आणि उन्हाळाभर आपल्या बागेला पाणी घालू नये. बाग वाळली. काहींची नाराजी अजूनही गेलेली नाही.

त्यानंतर आम्ही त्या चाळीत गेलो. दार त्याच भगिनीने उघडले. आम्ही क्षमा मागितली. ती काहीच बोलली नाही. बसायला स्टूल पुढे केले आणि आत जाऊन पेलाभर पाणी घेऊन आली. तिच्या घरात तेव्हा किती पाणी होते ते आम्ही विचारले नाही. तो पेला हाती घेताना आमचा हात थरथरला.

प्रिय वाचकहो, त्या रविवारी काठावर तहानलेला कोण होता, हे आम्हांला त्या घरी कळले. ख्रिस्ती जीवन म्हणजे काय, असे कोणी विचारले तर आम्ही आता लांबलचक उत्तर देत नाही. आपापल्या खिशात कोणत्या कुलपाची किल्ली आहे, ते प्रत्येकाने रात्रीच्या जपमाळेपूर्वी एकदा चाचपून पाहावे, एवढेच म्हणतो.