रॉकेल आजीचं, तेल आईचं

सायकलच्या साखळीसाठी म्हणून आमच्या घरांत वेगळं काही विकत आणलं जात नसे. रॉकेल आजीच्या स्टोव्हचं, तेल आईच्या शिवणयंत्राचं, चिंध्या आजोबांच्या विरलेल्या धोतराच्या, ब्रश दादाने टाकून दिलेला दात घासायचा आणि पक्कड शेजारच्या बिऱ्हाडातली. 1960 ते 1980 च्या दरम्यान पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत जी मुलं वाढली, त्यांना हा रविवार सकाळचा कार्यक्रम आठवत असेल. सायकल वडिलांची असली तरी तिची साखळी धुवायची वेळ आली की घरातल्या प्रत्येकाच्या ताब्यातली एकेक वस्तू मागावी लागे. त्या मागण्यातूनच साखळीबद्दलचं निम्मं शिक्षण होई.

सर्वांत कठीण रॉकेल मिळवणं. रेशनचं निळं रॉकेल, रांगेत उभं राहून आणलेलं. आजी त्याचा थेंब न् थेंब ओळखून होती. ती अर्धी वाटी देई आणि वर बजावी, "सगळं एकदम ओतू नकोस रे." त्यामुळे आम्ही रॉकेल दोन हिश्शांत वापरायला शिकलो. पहिल्या हिश्शात साखळी भिजवून ब्रशने घासायची, दुसऱ्यात नुसती विसळायची. पहिलं काळंभोर रॉकेल बाटलीत भरून ठेवायचं. चारआठ दिवसांत गाळ तळाशी बसतो. वरचं निवळ रॉकेल पुढच्या वेळी पहिल्या हातासाठी चालतं. साखळी कशी धुवावी हे आज मला कोणी विचारलं तर मी हेच सांगतो. एका मोठ्या धुण्यापेक्षा दोन लहान धुणी बरी, कारण पहिल्या पाण्यात उतरलेली माती त्याच पाण्यात पुन्हा साखळीवर बसते.

साखळी काढण्याचं काम वडिलांचं. मोठ्या स्टँडवर उभ्या केलेल्या सायकलचं मागचं चाक अधांतरी असे, त्यामुळे पायडल उलटं फिरवत साखळीचं लॉक शोधता येई. त्या लॉकवरची क्लिप माशाच्या आकाराची, एका बाजूला बंद तोंड, दुसऱ्या बाजूला फाटलेली शेपटी. पकडीने ती हळूच सरकवायची आणि लगेच वाटीत ठेवायची, कारण फरशीवर पडली की ती मोरीच्याच दिशेने जाई. बसवताना माशाचं तोंड साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं. वरच्या पदरावर ते पुढे, हँडलकडे येतं. उलट बसवली तर कुठे घासून क्लिप निघते आणि भर रस्त्यात साखळी सुटते. वडील हे एकदाच सांगत, नंतर फक्त बघत. त्यांचं ते बघत उभं राहणं मला फार मोलाचं वाटतं. एरवी ते नोकरीवरून येत तेव्हा आमची निजानीज झालेली असे.

आता साखळीच्या पोटातलं थोडं सांगायला हवं, कारण साफसफाईचं सगळं मर्म तिथे आहे. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने 1880 मध्ये ही बुश-रोलरची साखळी काढली आणि आमच्या सायकलच्या साखळीची मूळ रचना तीच होती. पिनेभोवती नळीसारखा बुश, बुशाभोवती सुटा फिरणारा रोलर. पिनेपासून पिनेपर्यंत अंतर अर्धा इंच. दात्यावर बसतो तो रोलर, पण साखळी वळते ती पीन आणि बुश यांच्या सांध्यात, आणि तो सांधा बाहेरून दिसत नाही. तेल हवं असतं तिथे. बाहेरच्या पट्ट्यांवर चकाकणारं तेल गंजापासून थोडं रक्षण करतं, पण धूळ मात्र भरपूर ओढून घेतं. धूळ आणि तेल मिळून जो काळा लगदा होतो तो लोखंड घासून काढतो. म्हणूनच साखळीला ग्रीस फासायचं नाही. ग्रीसची जागा चाकाच्या हबमध्ये आणि हेडच्या छर्‍यांत. साखळीवर ते आत शिरत नाही, बाहेर बसून माती गोळा करतं.

हे आम्हाला खरं समजावलं ते आईने. घरात यंत्राला नेमाने तेल देणारी तीच एक होती. शिवणयंत्राच्या प्रत्येक छिद्रात बुधलीच्या चोचीतून एक थेंब, मग रिकामं यंत्र थोडं चालवायचं, मग चिंधीने पुसून घ्यायचं म्हणजे कापडाला डाग पडत नाहीत. साखळीचीही रीत तीच. धुतलेली साखळी आधी उन्हात खिळ्याला टांगून पुरती वाळवायची, कारण आत रॉकेल उरलं तर तेल पातळ होऊन वाहून जातं. मग ती सायकलवर चढवून खालच्या पदराच्या आतल्या बाजूने एकेका रोलरवर एकेक थेंब. शंभराहून थोडे जास्त रोलर असतात. लॉकपासून सुरुवात केली की परत लॉक येईपर्यंत चुकत नाही. "वरून आंघोळ घालू नकोस, आत पाज," हे आईचं वाक्य. मग पायडल उलटं फिरवायचं, घटकाभर थांबायचं आणि कोरड्या चिंधीने साखळी अशी पुसायची की बोटाला जेमतेम ओल लागावी.

स्वयंपाकघरातलं तेल का चालत नाही, तेही तिनेच सांगितलं. खोबरेल थंडीत थिजतं. शेंगदाण्याचं आणि करडईचं तेल काही आठवड्यांत चिकट होतं. डब्याच्या कडेला साचलेला राप तिने आम्हाला नखाने खरवडून दाखवला होता.

घराघरांतल्या मुलींचा या कामातला वाटा फारसा सांगितला जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. हुजूरपागा शाळेत आणि कॉलेजात सायकलने जाणाऱ्या मुलींची लेडीज सायकल असे, आणि साडी-परकर अडकू नये म्हणून तिची साखळी पूर्ण कव्हरात बंद असे. त्या कव्हरात माती कमी जाते हे खरं, पण ते उघडणं हे वेगळंच काम. आमची ताई त्याचे स्क्रू एका ओळीत मांडून ठेवी, ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने. वाड्यातले मोठे मुलगेही कव्हर बसेना झालं की तिला हाक मारत.

तेव्हाचं पुणं सायकलींवर चालत होतं. पहाटे खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे, पुढे पिंपरीच्या कारखान्यांकडे सायकलींचे लोंढे जात. हँडलला डबा, पँटच्या पायाला क्लिप, पुढे दिवा, आणि महानगरपालिकेचा बिल्ला नसला तर चौकात पावती. रोज इतके मैल मारणाऱ्याला कोरडी साखळी पोटऱ्यांतून कळते. ती कुरकुरते तेव्हा माणसाची ताकद चाकाऐवजी त्या सांध्यांत जिरत असते.

साखळी 'ताणली' असं सगळे म्हणत, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत, पिना आणि बुश झिजतात. ते मोजायला दप्तरातली लाकडी फूटपट्टी पुरे. पट्टीची सुरुवात एका पिनेच्या मध्यावर धरायची आणि पुढच्या चोवीस पिना मोजायच्या. नवी साखळी असेल तर चोविसावी बरोबर बारा इंचांवर येते. ती एक सूत पुढे गेली की साखळी संपली, कारण मग ती फ्रीव्हीलचे दाते खायला लागते आणि खर्च वाढतो. मागच्या चाकाचा नट सैल करून साखळीला अर्धा-पाऊण इंचाची खालीवर लवण ठेवायची. त्याहून ताठ केली तर हब रडतो, सैल ठेवली तर खड्ड्यात साखळी पडते.

पावसाळ्यात हे काम वरचेवर करावं लागे. रात्रभर भिजलेली साखळी सकाळी तांबूस दिसे. मोठी साफसफाई मात्र खंडेनवमीला. तोवर पाऊस ओसरलेला, अंगणात ऊन. वडिलांची सायकल, सुताराच्या बिऱ्हाडातला रंधा, आईचं यंत्र, आमची पुस्तकं, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. धुऊन तेल दिलेल्या साखळीला त्या दिवशी कोणी हात लावत नसे, आणि दसऱ्याला सोनं वाटायला निघताना ती निःशब्द फिरत असे.

रॉकेल आता घरात नाही आणि नातवंडांच्या सायकलींना गिअर आहेत. त्यांची अरुंद साखळी दर वेळी काढायची गरज नाही; जागच्या जागी गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने ब्रश फिरवावा, स्वच्छ पाण्याने धुवावी, फडक्याने टिपून उन्हात पूर्ण वाळू द्यावी. साबणाचा फेस ब्रेकच्या डिस्कवर जाऊ देऊ नये, तेल तर मुळीच नाही. पायडल फिरत असताना बोटं साखळी आणि दात्यांच्या मध्ये नेऊ नयेत, हे मुलांना आधीच सांगावं. तेल सायकलच्या दुकानातलं साखळीसाठीचं घ्यावं, ते रात्री द्यावं म्हणजे सांध्यांत उतरायला वेळ मिळतो, आणि सकाळी निघण्याआधी पुसावं.