वास मांडायचा कसा?

प्रदर्शनात साडी लांबून दिसते, टोपली हातात घेता येते, लोणचं चाखता येतं. वासाचं तसं नाही. तो गिऱ्हाइकापर्यंत पोचण्याआधी शेजारच्या गाळ्यात पोचतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या महिला बचत गटांना प्रदर्शनातली मांडणी शिकवणं हे माझं काम. त्यात सगळ्यात अवघड माल कोणता म्हणाल, तर सुगंधी माल: अगरबत्ती, धूप आणि अलीकडे आलेली वॅक्स मेल्ट. ही म्हणजे वात नसलेली छोटी सुगंधी मेणवडी. वर वाटी आणि खाली पणती किंवा विजेची तबकडी असं एक पात्र असतं. वाटीत वडी वितळते आणि खोलीभर वास पसरतो. मेण जळत नाही, धूर होत नाही.

आमच्याकडे ती अगरबत्तीच्या मागोमाग आली. गडचिरोलीत वन विभागाच्या पुढाकाराने गावोगावी अगरबत्तीची केंद्रं निघाली आणि बांबूची काडी, कोळशाची पूड, जिगट यांची ओळख घरोघरी झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले. पुढच्या वर्षी बांबूकाडीवरचं आयातशुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के झालं. देशी मालाला जरा जागा झाली, तरी कच्ची, बिनवासाची बत्ती किलोवरच विकली जाते आणि तिच्यात सुटणारा पैसा तुटपुंजा. वास लावला की तोच माल नगावर जातो. हे बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही. वासाच्या तेलाशी हात बसल्यावर मेणाकडे वळणं सोपं होतं.

मेण तर इथलंच. भामरागड, एटापल्लीकडच्या जंगलात आग्या मोहोळाचा मध काढतात. वर्ध्याच्या ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ने माशा न मारता, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून घ्यायची पद्धत शिकवली. मध पिळून झाल्यावर उरलेला चोथा पाण्यात उकळून फडक्यातून गाळला की पिवळं मेण मिळतं. पण नुसत्या मधमाशीच्या मेणाची वडी करू नये. त्याला स्वतःचा वास आहे, तो मोगऱ्याशी भांडतो, आणि साच्यातून वडी सुटता सुटत नाही. म्हणून सोयाबीनचं मेण जास्त घेऊन त्यात हे थोडं घालतात. तेलाचं प्रमाण साधारण सहा ते दहा टक्के. त्याहून जास्त ओतलं तर मेण ते धरत नाही, वडीला घाम फुटतो.

जास्त ओतण्याचा मोह होतो त्याला कारण नाक. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. दिवसभर गाळ्यात बसलेल्या ताईंना आपल्याच मालाचा वास येईनासा होतो. मग त्या म्हणतात, “वास कमी पडते जी,” आणि पुढच्या घाण्यात तेल वाढवतात. बाहेरून येणाऱ्याला मात्र गाळ्याच्या तोंडाशीच गरगरतं. माझा पहिला नियम म्हणून असा: गाळ्यात काहीही पेटवायचं नाही. अगरबत्ती नाही, धूप नाही, पात्रातली वडीही नाही. देवाची उदबत्ती सकाळी भवानी होण्याआधी लावावी आणि विझू द्यावी. यावरून माझे बरेच वाद झालेत आणि मी मागे हटलेली नाही.

मग वास दाखवायचा कसा? झाकणाच्या काचेच्या बरणीत. प्रत्येक वासाची एक बरणी, तळाशी दोन वड्या, झाकण घट्ट. गिऱ्हाइकाने झाकण उचलायचं आणि झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्यायचा; बरणीत नाक घालायची गरज नसते. बांबूच्या कांड्याच्या डब्या दिसायला फार देखण्या, पण बांबू वास पितो. काल वाळा ठेवला आणि आज त्यात गुलाब ठेवला की दोन्ही बिघडतात. बांबू वापरावा तो मांडणीला. बुरुडांकडून तीन पायऱ्यांची घडवंची करून घ्यावी, आणि बरण्यांची पायरी उभ्या माणसाच्या छातीइतकी उंच असावी, म्हणजे वाकावं लागत नाही. बांबू बोरॅक्स-बोरिक आम्लाच्या पाण्यात मुरवलेला आहे ना, हे विचारून घ्यावं. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे शिकलेल्या कारागिराला हे सांगावं लागत नाही. प्रक्रिया न केलेल्या बांबूला भुंगा लागतो आणि त्याचं पिवळं पीठ नेमकं वड्यांवर पडतं.

बरण्या किती? सहा. फार तर आठ. गटाकडे वीस वास असतील, तर उरलेले टेबलाखाली असू द्यावेत. क्रमही ठरलेला: लिंबू, गवती चहा हे हलके वास आधी, मग मोगरा-गुलाब, शेवटी वाळा, चंदन आणि राळ. राळेने सुरुवात केली की त्यानंतरचं काही लागत नाही. मोठ्या शहरांतल्या अत्तराच्या दुकानांत नाक ताजं करायला कॉफीच्या बिया ठेवतात, तेही आपल्या गटांनी उचललं. अमेरिकेत २०११ साली याची चाचणी झाली, तेव्हा साध्या हवेपेक्षा कॉफीचा काही जास्त उपयोग दिसला नाही. गिऱ्हाइकाला दोन पावलं मागे येऊन श्वास घेऊ द्यावा. तेवढ्या वेळात पात्र कसं वापरायचं ते सांगून होतं.

ते सांगावंच लागतं. मुंबईच्या ‘महालक्ष्मी सरस’मध्ये किंवा नागपूरच्या ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळ्यात शेजारीपाजारी खाण्याचे गाळे असतात. गुलाबी, पिवळ्या, चौकोनी वड्या ताटात रचल्या की लहान पोरं सरळ हात घालतात. मोठी माणसंही विचारतात, “बर्फी कशी दिली?” एक आजोबा तर ‘साखर नसलेली आहे का’ म्हणाले. म्हणून वड्या ताटात उघड्या रचायच्या नाहीत, मिठाईच्या कागदी वाटीत तर मुळीच नाहीत. बंद डबी, तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘खाण्याची वस्तू नाही’, आणि शेजारी एक पात्र, ज्याच्या वाटीत आधीच वितळवून थिजवलेली वडी आहे. ते पात्र पाहिलं की निम्मं स्पष्टीकरण वाचतं. वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि कमाल किंमत हवी. २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांची ती सक्ती आहे.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण उन्हाळ्यात हा माल विकूच नये असं माझं मत आहे. मधमाशीचं मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, सोयाचं बरंच आधी. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४७-४८ ला टेकतो आणि बंद टेम्पोत त्याहून वर जातो. डब्या उघडाव्यात तर वड्यांचा एकच गोळा. हिवाळ्यातल्या खोड्या वेगळ्या. मधमाशीच्या मेणावर थंडीत पांढुरकी साय येते आणि लोक तिला बुरशी समजतात. कोमट फडक्याने पुसली की जाते. व्हॅनिलाची वडी हळूहळू तपकिरी होते, तो त्या वासातल्या द्रव्याचाच गुण, शिळेपणा नव्हे. पण गाळ्यावर हॅलोजनचा दिवा मात्र कोणत्याच ऋतूत नको.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येते. डबीवर ‘जंगलाचा सुगंध’, ‘शुद्ध चंदन’, ‘वनौषधीयुक्त’ असं छापायची चाल पडली आहे. मोगऱ्याचं तेल बाजारातून येतं, बहुतेक वेळा ते रसायनशाळेत बनलेलं असतं, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त त्याला जंगल म्हणू नये. जंगलातलं जे खरोखर आहे ते पुढे मांडावं: मेण कुठल्या तालुक्यातलं, पोळं कसं काढलं, सालईचा डिंक कुणी गोळा केला. सालईच्या डिंकाचा वास आमच्याकडे घराघरात धुपाटण्यातून येतो, तरी त्याची वडी करायची कल्पना गटांना शेवटी सुचते, आणि लॅव्हेंडरची आधी. मोहाचीही करून पाहावी असं काही जणी म्हणतात. वास गोड, ओळखीचा, पण १९९३ पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोलीत मोहाचा वास घरभर दरवळला तर शेजारी काय समजतील, यावर बैठकीत जेवढं हसू झालं तेवढं दुसऱ्या कशावर झालं नाही. मी मात्र ती करावी याच मताची आहे. ती वडी गडचिरोलीत नाही खपली तरी पुण्या-मुंबईत खपेल, कारण तिथे तशी दुसरी मिळणार नाही.

तर यंदा एखाद्या प्रदर्शनात आमच्या ताईंच्या गाळ्यावर आलात, तर एका वेळी तीनच बरण्या उघडा आणि प्रत्येकीचं झाकण परत लावा. मेण कुठलं, असं आवर्जून विचारा. उत्तर आलं नाही तर घेऊ नका. आलं, तर भाव पाडू नका.